राष्ट्रीय युद्ध स्मारक (पुणे व नवी दिल्ली)

राष्ट्रीय युद्ध स्मारक या नावाने भारतात मुख्यतः दोन वास्तू ओळखल्या जातात. पहिली पुणे कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत, भारतीय सैन्याच्या दक्षिण कमांडच्या परिसरात असून तिचे अनावरण १५ ऑगस्ट १९९८ रोजी झाले. दुसरी नवी दिल्लीत इंडिया गेटच्या पूर्वेस आहे. तिचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी लढताना प्राण गमावलेल्या सैनिकांचे स्मरण हा दोन्हींचा हेतू आहे. मात्र एक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि दुसरे केंद्र सरकारने उभारले. त्यामुळे त्यांची घडण आणि व्याप्ती वेगवेगळी आहे.

युद्धस्मारकाची रचना पाहताना प्रथम एक प्रश्न विचारावा लागतो: येथे कोणाचे नाव कोरले आहे आणि कोणाचे नाही? स्तंभाची उंची, दगडाचा रंग, ज्योत, पुतळे या गोष्टी त्यानंतरच्या. महाराष्ट्रातील युद्धस्मारकांचा सुमारे हजार वर्षांचा प्रवास या प्रश्नाच्या आधारे नीट समजतो.

पूर्वपरंपरा

महाराष्ट्रातील सर्वांत जुनी युद्धस्मारके म्हणजे वीरगळ. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पारावर किंवा महादेवाच्या देवळाच्या आवारात हे उभे दगड आजही दिसतात. मराठवाड्यातील अनेक गावांत ते शेंदूर फासून देव म्हणून पुजले जातात. वीरगळाची रचना ठरावीक असते. शिळेवर एकावर एक तीन-चार चौकटी कोरलेल्या असतात. तळाशी पडलेला वीर किंवा लढाईचा प्रसंग असतो, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आकाशात आहेत तोवर ही स्मृती टिकेल, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरलेली आहे. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख मात्र नाही. वीर कसा मेला आणि कुठे गेला हे दगड सांगतो. तो कोण होता, हे गावाने लक्षात ठेवायचे असते. दोन-चार पिढ्यांनी गावाला विसर पडला की दगड उरतो आणि माणूस जातो.

नाव कोरण्याची रीत इंग्रजी अमलात रुळली. पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा येथील स्तंभ हे तिचे ठळक उदाहरण आहे. १ जानेवारी १८१८ रोजी ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी आणि पेशव्यांचे सैन्य यांच्यात येथे लढाई झाली. तिच्या स्मरणार्थ कंपनी सरकारने १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली. कंपनीचा विजय मिरवणे हा त्याचा मूळ हेतू होता. परंतु त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली आणि त्यांतील अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ हा तत्कालीन महार समाजातील प्रत्यय होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे भेट दिली. तेव्हापासून हा स्तंभ साम्राज्याच्या विजयाऐवजी दलितांच्या शौर्याचे आणि स्वाभिमानाचे प्रतीक मानला जाऊ लागला आणि दर वर्षी १ जानेवारीला तेथे लाखो लोक जमतात. बांधणाऱ्याचा हेतू एक आणि स्मारकाचे पुढचे आयुष्य दुसरे, याचे इतके स्पष्ट उदाहरण देशात क्वचितच सापडेल. केवळ सेनापतीचे नाव कोरले असते तर हे घडले नसते.

पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात गावोगावी संगमरवरी पाट्या बसवण्यात आल्या. अमुक गावातून इतके पुरुष युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांचा मजकूर. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या अशा पाट्यांवर आकडे आहेत, नावे नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या एकट्या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात मरण पावले.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानांची फौज वेगळी, म्हणून तिचे स्मारकही वेगळे. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारक (१९२२) हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळातील सैनिकांसाठी उभारले गेले. शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्ज यांनी घडवलेले तीन पुतळे ही त्याची ओळख आहे. २०१८ मध्ये त्या चौकाचे नाव ‘तीन मूर्ती हैफा चौक’ असे झाले. मराठवाड्यातील पुढची स्मारके बहुतांशी मुक्तिसंग्रामाची, म्हणजे हुतात्मा स्मारके आहेत. ती रझाकारांशी व निजामी राजवटीशी लढलेल्या नागरिकांची असल्याने युद्धस्मारकांत मोडत नाहीत. ‘हुतात्मा’ हा शब्द मराठीत प्रामुख्याने अशा नागरी बलिदानाशी जोडला गेला आहे. सैनिकासाठी लोक ‘शहीद’ म्हणतात. मात्र सैन्यदलांच्या अधिकृत परिभाषेत या शब्दाला स्थान नाही, असे केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केलेले आहे.

समान दर्जाच्या स्मरणाचे तत्त्व इंग्लंडमध्ये १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने मांडले. शिपाई असो वा कर्नल, समाधीचा दगड एकाच मापाचा. पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानभूमीत याच मापाचे दगड रांगेने उभे आहेत. तत्त्व चांगले होते, अंमलबजावणी सर्वत्र तशी झाली नाही. आयोगाच्याच २०२१ मधील अहवालानुसार पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे नावानिशी किंवा अजिबातच स्मरण केले गेले नाही. त्यांत आफ्रिका व आशियातील सैनिकांचा भरणा होता.

इंडिया गेट आणि अमर जवान ज्योती

दिल्लीतील इंडिया गेटचे मूळ नाव अखिल भारतीय युद्ध स्मारक. एडविन लटयन्स यांनी रचना केलेल्या या ४२ मीटर उंच कमानीची पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ रोजी आणि उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजी झाले. पहिले महायुद्ध आणि १९१९ चे तिसरे अफगाण युद्ध यांत मरण पावलेल्या १३,००० हून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर आहेत. ती मुख्यतः वायव्य सरहद्द आणि अफगाणिस्तानात पडलेल्यांची असल्याचे सहसा लक्षात घेतले जात नाही. फ्रान्स, मेसोपोटेमिया वा पूर्व आफ्रिकेत मेलेल्यांची नावे त्या त्या देशातील स्मारकांवर आहेत. शिवाय ही नावे कमानीवर इतक्या उंचावर कोरली आहेत की खाली उभ्या असलेल्या माणसाला त्यांतील फारच थोडी वाचता येतात. कमान दुरून पाहण्यासाठी असते, हा तिच्या रचनेचाच भाग.

१९४७ नंतर काश्मीर, गोवा, चीन आणि पाकिस्तान यांच्याशी संबंधित मोहिमा झाल्या तरी स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठी राजधानीत वेगळे स्मारक नव्हते. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी इंडिया गेटच्या कमानीखाली अमर जवान ज्योतीस प्रथम श्रद्धांजली वाहिली. काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर शिरस्त्राण आणि चारही बाजूंस ‘अमर जवान’ ही अक्षरे, अशी ती साधी, परंतु परिणामकारक रचना होती. ती अज्ञात सैनिकाची प्रतीकात्मक समाधी होती. तीवर कोणाचेही नाव नव्हते. परिणामी साम्राज्यासाठी लढलेल्यांची नावे वर आणि प्रजासत्ताकासाठी लढलेले निनावी खाली, अशी स्थिती जवळजवळ पन्नास वर्षे राहिली.

पुण्यातील स्मारक

राष्ट्रीय स्मारकाची मागणी सैन्यदलांकडून १९६० पासून होत होती. ती कागदावर असताना पुण्यात नागरिकांनी स्वतः पुढाकार घेतला. १९९६ मध्ये एका दैनिकाच्या नागरिक मंचाने ही कल्पना मांडली, दक्षिण कमांडने जागा दिली आणि खर्च लोकवर्गणीतून उभा राहिला. दक्षिण आशियात लोकवर्गणीतून उभारलेले हे एकमेव युद्धस्मारक असल्याचा दावा वारंवार केला जातो. तो दावा बाजूला ठेवला तरी, राजधानीतील राष्ट्रीय स्मारकाला आणखी दोन दशके लागणार असताना एका शहराने हे काम दोन वर्षांत पूर्ण केले, ही गोष्ट उरतेच.

स्मारकाच्या आवारात शस्त्रास्त्रे व साधने मांडलेली आहेत. कारगिल युद्धात (१९९९) वापरलेल्या आणि २००९ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालेल्या मिग-२३ बीएन जातीचे विमान शाळकरी मुलांचे विशेष आकर्षण असते. तेथील ‘आयएनएस त्रिशूल’ या युद्धनौकेची प्रतिकृती मात्र अधिक थांबून पाहावी अशी आहे. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या कारवाईत कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरलेल्या नौसैनिकांच्या तुकडीला ‘त्रिशूल’चा आधार होता. त्या बेटावरील चकमकीत सात नौसैनिक मरण पावले. गोवा मुक्ती म्हणजे जणू रक्तपाताविना झालेली कारवाई, असा समज महाराष्ट्रात सर्रास आढळतो; तो या प्रतिकृतीपुढे टिकत नाही.

नवी दिल्लीतील स्मारक: स्पर्धा आणि निवड

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१५ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक व युद्ध संग्रहालय या दोन्हींना मान्यता दिली. २०१६ मध्ये रचनेसाठी जागतिक स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष पुण्यात स्थायिक झालेले वास्तुविशारद क्रिस्टोफर बेनिंजर होते. स्मारकासाठी ४२७ प्रवेशिका आल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये चेन्नईच्या ‘वीबी डिझाइन लॅब’चे योगेश चंद्रहासन यांचा आराखडा निवडला गेला. संग्रहालयाच्या वेगळ्या स्पर्धेत मुंबईतील समीप पडोरा यांची संस्था विजयी ठरली. स्मारकाचा खर्च सुमारे १७६ कोटी रुपये आणि क्षेत्र सुमारे ४० एकर आहे.

रचनाकारापुढील अडचण जागेचीच होती. एका बाजूस लटयन्सची कमान, मधोमध पंचम जॉर्जच्या पुतळ्यासाठी १९३६ च्या सुमारास उभारलेली छत्री, आणि दोन्ही संरक्षित. (तो पुतळा १९६८ मध्ये हलवला गेला, रिकाम्या छत्रीत २०२२ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा बसला.) नव्या वास्तूने कमानीशी उंचीची स्पर्धा केली असती तर राजपथावरून दिसणारे सगळे दृश्य बिघडले असते. म्हणून स्मारकाचा मुख्य भाग जमिनीच्या पातळीखाली घेतला आहे. दुरून वास्तू फारशी दिसत नाही. जवळ जाऊन खाली उतरावे लागते. ही तडजोड नसून या रचनेतील सर्वांत चांगला निर्णय आहे, असे म्हणता येते, कारण त्यामुळे पाहणाऱ्याची चाल आपोआप मंदावते.

चार चक्रे

स्मारक एकात एक अशा चार वर्तुळांचे असून ही कल्पना महाभारतातील चक्रव्यूहावरून सुचल्याचे सांगितले जाते. अभिमन्यूची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही उपमा जरा बोचेल. आत शिरता आले, पण बाहेर पडता आले नाही, अशा कोवळ्या योद्ध्याची ती कथा आहे. पण युद्धात पडलेल्यांच्या स्मारकासाठी ती अयोग्यही म्हणता येत नाही.

सर्वांत आतले अमर चक्र. त्यात १५.५ मीटर उंचीचा स्तंभ असून माथ्यावर अशोकस्तंभावरील सिंह आणि पायथ्याशी अखंड ज्योत आहे. त्याभोवतीच्या वीरता चक्रात छताखालील वीथीमध्ये सहा कांस्य भित्तिशिल्पे आहेत: तिथवाल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन मेघदूत (सियाचीन) आणि ऑपरेशन ट्रायडंट (१९७१ मधील कराचीवरील नौदलाचा हल्ला). ही शिल्पे धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी घडवली आहेत. वीरगळाच्या तळच्या चौकटीतील लढाईचा प्रसंग येथे कांस्यात परत आला आहे. फरक इतका की वरच्या चौकटीतील अप्सरा आणि शिवलिंग गेले, कारण सर्व धर्मांच्या सैनिकांचे स्मारक कोणत्याही एका स्वर्गाचे चित्र रंगवू शकत नाही.

तिसरे त्याग चक्र हा स्मारकाचा गाभा. येथे ग्रॅनाइटच्या सोळा वर्तुळाकार भिंती असून प्रत्येक मृत सैनिकासाठी एक स्वतंत्र ग्रॅनाइटची वीट आहे. तिच्यावर त्याचे नाव सोनेरी अक्षरांत कोरलेले आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावे होती. पुढे त्यांत भर पडत गेली. १९४७-४८ चे काश्मीर युद्ध, १९६१ ची गोवा कारवाई, १९६२, १९६५ व १९७१ ची युद्धे, सियाचीन, श्रीलंकेतील शांतिसेना, कारगिल, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा आणि दहशतवादविरोधी कारवाया अशी त्यांची व्याप्ती आहे. अधिकारी आणि शिपाई यांच्या विटांत आकाराचा फरक नाही.

ही वीट का महत्त्वाची, हे भारतीय अंत्यसंस्कारांकडे पाहिल्यास कळते. युरोपात सैनिकाची कबर असते, तिच्यावर दगड असतो, नातेवाईक तेथे फुले ठेवतात. भारतातील बहुसंख्य सैनिकांवर अग्निसंस्कार होतो आणि रक्षा नदीत विसर्जित केली जाते. पूर्वी युद्धभूमीवर पडलेल्यांचे देह घरी पोहोचतच नसत; तेथेच अग्नी दिला जाई. ९ डिसेंबर १९७१ रोजी अरबी समुद्रात बुडालेल्या ‘आयएनएस खुकरी’वरील १९४ अधिकारी व नौसैनिकांना तर जमिनीवर जागाच उरली नाही. अशा कुटुंबांना हात लावता येईल असे कोरलेले नाव म्हणजे ही वीट. कमानीवरील नाव आणि या भिंतीवरील नाव यांतील खरा फरक हाच आहे.

सर्वांत बाहेरचे रक्षक चक्र झाडांचे आहे. सहाशेहून अधिक झाडे सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकांचे प्रतीक म्हणून ओळीने लावलेली आहेत. दिल्लीच्या उन्हात त्यांचा सावलीसाठीही उपयोग होतो.

परम योद्धा स्थळ

मुख्य चक्रांपासून थोडे बाजूला परमवीरचक्र मिळवणाऱ्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. मूळच्या स्विस असलेल्या या विदुषी मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून भारतीय झाल्या.

या पुतळ्यांत महाराष्ट्राशी व हैदराबाद संस्थानाशी संबंधित दोन व्यक्तींची तुलना उद्बोधक ठरते. कारवारजवळच्या चेंडिया येथील रामा राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग व अडथळे गोळीबारात दूर करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. ते युद्धातून परतले आणि १९९४ मध्ये निवर्तले. मुंबईत जन्मलेले अर्देशीर तारापोर यांची कारकीर्द निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात सुरू झाली. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये आले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये चाविंडा क्षेत्रातील रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडले. पुतळे दोघांचेही आहेत. त्याग चक्रात वीट मात्र तारापोर यांचीच. परम योद्धा स्थळ शौर्यासाठी आहे, त्याग चक्र मृत्यूसाठी. स्मारकाने हे दोन हेतू वेगळे ठेवले आहेत, आणि ते योग्यच आहे. पराक्रमाची संधी न मिळता हिमवादळात वा सुरुंगाच्या स्फोटात मेलेला शिपाईही त्यामुळे त्याच भिंतीवर बरोबरीने राहतो.

श्रद्धांजलीचा क्रम

२०२० पासून प्रजासत्ताक दिनी पंतप्रधान अमर जवान ज्योतीऐवजी राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र अर्पण करतात. २१ जानेवारी २०२२ रोजी अमर जवान ज्योतीची ज्वाला नव्या स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. या निर्णयावर मतभेद झाले. पन्नास वर्षे ज्या जागी सैनिकांना आदरांजली वाहिली गेली ती जागाही स्मृतीचा भाग झाली होती, असे काही माजी सैनिकांचे म्हणणे होते. ज्या कमानीवर १९७१ च्या एकाही सैनिकाचे नाव नाही तेथे त्यांची ज्योत ठेवणे विसंगत होते, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

रोज सायंकाळी येथे एका मृत सैनिकाच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण केले जाते. राष्ट्रीय सणांच्या समारंभापेक्षा हा लहानसा विधी स्मारकाच्या हेतूशी अधिक जुळणारा आहे. स्मारकात सर्वांना विनामूल्य प्रवेश आहे.

कोण बाहेर राहिले

स्वातंत्र्योत्तर काळ ही स्मारकाची मर्यादारेषा असल्याने दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेले भारतीय सैनिक दिल्लीच्या दोन्ही राष्ट्रीय वास्तूंच्या मधल्या फटीत राहिले. इंडिया गेटवरील नावे १९१९ पर्यंत संपतात आणि त्याग चक्रातील १९४७ नंतर सुरू होतात. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चढाई करताना ते वयाच्या बाविसाव्या वर्षी मरण पावले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही. माणगावात त्यांचा पुतळा आहे. नाव कोरलेले आहे ते इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर.